गोवंडी : पाडलेल्या घरांचा पुढचा पत्ता

गोवंडी हे मुंबईच्या हार्बर मार्गावर चेंबूर आणि मानखुर्द यांच्यामध्ये असलेले स्टेशन. 1992 साली खाडी ओलांडून रेल्वे वाशीला गेली. त्याआधी हा मार्ग मानखुर्दलाच संपत असे, म्हणजे गोवंडी हे मुंबईचे शेवटून दुसरे स्टेशन होते. शहराला जे जे नजरेआड करायचे होते ते ते या टोकाला येऊन पडले: कचरा 1927 साली, कत्तलखाना 1971 साली आणि माणसे अधूनमधून, सोयीप्रमाणे.

कुर्ल्याहून पनवेलकडे निघालेल्या गाडीत वाशी-बेलापूरच्या कचेऱ्यांत जाणारे प्रवासी आत सरकून बसतात. गोवंडीवाले दारात उभे राहतात, कारण त्यांच्याजवळ सामान असते. जरीच्या कपड्यांचे गठ्ठे, पुठ्ठ्याच्या घड्या, फेरीचा माल भरलेल्या गोण्या. चेंबूर सुटले की दारातला माणूस मागे न बघता नुसते ‘गोवंडी?’ असे विचारतो आणि मागची सगळी रांग ‘हां’ म्हणते. उतरताना गोणी आधी फलाटावर जाते, माणूस मागून. गोणी कुणाची हे न बघता खालचा अनोळखी माणूस ती झेलतो. चर्चगेटच्या गाडीत हे दृश्य सहसा दिसत नाही.

महापालिकेच्या हिशेबात हा भाग एम-पूर्व विभागात येतो. 2011 च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या 8 लाखांच्या घरात होती. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या 24 विभागांत त्याचा क्रमांक शेवटचा लागला. हा अहवाल गोवंडीत फारसा कुणी वाचलेला नाही, पण त्याचा निष्कर्ष इथे सगळ्यांना पाठ आहे.

मुंबईत माणसे नशीब काढायला येतात, नव्या आयुष्याची सुरुवात आपखुशीने करतात, असा एक लाडका समज आहे. गोवंडीच्या बाबतीत तो अर्धाच खरा. इथल्या पुष्कळांनी नवी सुरुवात निवडलेली नाही, त्यांना ट्रकमधून आणून सोडलेले आहे. गावाकडे परक्या माणसाला ‘कुठल्या गावचे?’ असे विचारतात. गोवंडीत त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा येतो: ‘आधी कुठं राहायचात?’ ताडदेव, भायखळा, माहीम, कुर्ल्याचे रूळ अशी उत्तरे मिळतात. उत्तराबरोबर एक सालही येते. ते साल घर पाडल्याचे असते.

स्टेशनच्या दक्षिणेला सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. 1936 साली स्थापन झालेली ही संस्था 1954 साली देवनारला आली. आवारात झाडी दाट आहे, बाकांवर विद्यार्थी पुस्तके घेऊन बसलेले असतात. 2011 साली संस्थेने एम-पूर्व विभागाचाच अभ्यास आणि विकास असा प्रकल्प हाती घेतला. आवाराबाहेर पडून रेल्वेचा पूल ओलांडला की अभ्यासाचा विषय सुरू होतो.

पुलाच्या उत्तरेकडचा रस्ता आधी नाकाला कळतो. देवनारचा कत्तलखाना हा देशातल्या सर्वांत मोठ्या कत्तलखान्यांपैकी एक. बकरी ईदच्या आधी इथे भरणाऱ्या बाजारात राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरातेतून बकऱ्यांचे ट्रक येतात. गिऱ्हाईक बकऱ्याचा खालचा ओठ ओढून दात बघते, कारण कुर्बानीला एक वर्ष पुरे झालेले जनावर लागते आणि त्याच्या वयाचा दाखला तोंडातच असतो. महाराष्ट्रातल्या जुन्या बैलबाजारांत सौदा रुमालाखाली, बोटे दाबून होत असे. शेजारच्यालाही भाव कळू नये ही त्यातली रीत. देवनारला सौदा चारचौघांत आणि वरच्या पट्टीत होतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही त्यात मत देतात.

कत्तलखान्याच्या शेजाराचा परिणाम इथल्या चुलीवर झालेला आहे. वजडी, मुंडी, पाया हे पदार्थ स्वस्त आणि ताजे मिळतात. सकाळी निहारीच्या हंड्याभोवती रात्रपाळी संपवून आलेले कारागीर नान बुडवून खात असतात. दोन गल्ल्या पलीकडे मराठवाड्याकडची बाई तीच वजडी काळ्या मसाल्यात शिजवून ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढते. ‘आमच्याकडे जरा तिखट असतंय,’ एवढाच फरक ती सांगते. पुण्या-दादरच्या खाद्यलेखनात या पदार्थांना अलीकडे कौतुकाने जागा मिळू लागली आहे. गोवंडीत त्यांचे कौतुक कुणी करत नाही. ते पोट भरतात आणि परवडतात.

पुढे शिवाजीनगर आणि बैंगनवाडी लागतात. वरवर बघणाऱ्याला ही झोपडपट्टी वाटते, पण तिचा नकाशा सरळ रेषांचा आहे. रस्त्यांना क्रमांक, रस्त्याला लागून प्लॉट, प्लॉटमध्ये ओळी, ओळीत खोल्या. 1970 च्या दशकात शहरातून उठवलेल्यांसाठी महापालिकेने खाडीकाठच्या दलदलीत ही आखणी केली. वाट्याला आली ती सुमारे दहा बाय पंधरा फुटांची जागा. घर ज्याने त्याने आपले उभे करायचे होते. आधी बांबू आणि ताडपत्री, मग पत्रा, मग विटांची भिंत, मग पोटमाळा आणि शेवटी भाड्याने द्यायचा वरचा मजला. एखाद्या जुन्या खोलीच्या भिंतीकडे नीट पाहिले तर हे टप्पे दिसतात: खाली दगड-मुरुमाचा भराव, वर लाल विटा, त्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांचे थर, आणि प्रत्येक थर घरातल्या कुणाच्या तरी वेगळ्या नोकरीतला. रस्त्याची पातळी दर डांबरीकरणाला वाढत गेल्याने जुन्या खोल्यांत आता दोन पायऱ्या उतरून जावे लागते. पावसाळ्यात याचा काय अर्थ होतो ते दाराशी रचलेल्या विटांच्या उंबऱ्यावरून कळते.

जवळजवळ प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते, खिळ्याला अडकवलेली किंवा पेटीत तळाशी ठेवलेली. तिच्यात रेशनकार्ड, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले आणि घर जुने असेल तर 1976 च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास असतो. मोफत पुनर्वसनासाठी पात्र ठरण्याची तारीख सरकारने आधी 1 जानेवारी 1995 आणि पुढे 1 जानेवारी 2000 अशी धरली. त्या तारखेच्या अलीकडे की पलीकडे, यावर माणसाचे घर ठरते. आग लागली किंवा पाणी भरले तर आधी मूल उचलायचे आणि मग ही पिशवी, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. नव्या सुरुवातीसाठी धैर्य लागते असे म्हणताना शहरी लेखक मनाच्या ताकदीविषयी बोलतो. शिवाजीनगरात धैर्याला पुरावे जोडावे लागतात, तेही साक्षांकित.

जरीकामाचे कारखाने या गल्ल्यांच्या माळ्यांवर आहेत. कारखाना म्हणजे एक खोली, तिच्यात लाकडी चौकट ताणलेली, तिला अड्डा म्हणतात. अड्ड्याच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले तरुण आरीने टिकल्या, मोती, जर टाचत असतात. वरच्या हातात आरी, खालच्या हातात दोरा. खालचा हात कापडाआड असल्यामुळे तो कधी दिसत नाही, आणि काम मात्र त्याच्याच अंदाजावर चालते. यातले बरेचजण बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले. रात्री त्याच अड्ड्याशेजारी अंथरूण पडते. नवा मुलगा आला की पहिले काही दिवस त्याचे जेवण आधीपासून असलेले कारागीर आपल्यात धरतात. जमाखर्च कुणी लिहीत नाही, पण पुढच्या नव्या मुलाला त्यानेही तसेच धरायचे असते. प्रस्तुत लेखकाला गोवंडीत विश्वासाचे सर्वांत स्पष्ट रूप इथे दिसले.

देवाधर्माचा विश्वासही उघड आहे. मशिदी, दर्गे, बुद्धविहार, मरीआईची देवळे, ख्रिस्ती प्रार्थनाघरे एकाआड एक लागतात. नवी वस्ती वसली की प्रार्थनेची जागा फार लवकर उभी राहते. त्यामागे श्रद्धा असतेच, शिवाय व्यवहारही असतो. सभेला, बालवाडीला, मयताच्या वेळी पाहुणे बसवायला दुसरी जागा नसते. आणि पाडायला येणारा हातोडा खोलीवर पडतो तितक्या सहजपणे देवळावर किंवा मशिदीवर पडत नाही, हे लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. विहारात संध्याकाळी वंदना झाली की त्याच सतरंजीवर दहावीची मुले अभ्यासाला बसतात. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली बीजगणित.

क्रमांकाचे रस्ते संपतात तिथे देवनारचे डंपिंग सुरू होते. सव्वाशे हेक्टरांहून मोठे हे आवार मुंबईचे सर्वांत जुने कचरा-मैदान. लांबून ते टेकड्यांच्या रांगेसारखे दिसते आणि पावसाळ्यात त्यावर गवतही उगवते. जानेवारी 2016 मध्ये त्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. त्यानंतर कचरा वेचणाऱ्यांना आत जायला बंदी आली. शहराचा बराचसा कचरा पुढे कांजूरमार्गकडे वळला.

कचरा वेचणाऱ्यांत बायका अधिक, आणि त्यांतल्या मराठी बायकांपैकी अनेकींची कहाणी 1972 च्या दुष्काळापासून सुरू होते. मराठवाड्यातून मातंग आणि बौद्ध कुटुंबे तेव्हा मोठ्या संख्येने मुंबईत आली. मागे जमीन नव्हती, हातात शेतमजुरीखेरीज कसब नव्हते. कचऱ्याला भांडवल लागत नाही, ओळख लागत नाही आणि तो रोज येतो. डंपिंगच्या कडेला भंगाराचे गाळे आहेत. गाळ्यात काट्यापुढे बसलेली म्हातारी बाटली हातात घेते, दाबते, कानाशी कुरकुरवते आणि आवाजावरून प्लास्टिकची जात ठरवून ती वेगळ्या ढिगात भिरकावते. पुठ्ठा, पत्रा, काच, दुधाच्या पिशव्या, कठीण प्लास्टिक, मऊ प्लास्टिक. प्रत्येकाचा भाव निराळा आणि तिला तो तोंडपाठ. महापालिकेने ओला-सुका वेगळा करायला नागरिकांना अनेक वर्षे विनवले. ही बाई ते काम विनवणीशिवाय कितीतरी बारकाईने करत आलेली आहे.

1975 साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने या बायकांबरोबर 1990 च्या दशकाच्या अखेरीस परिसर विकास हा कार्यक्रम सुरू केला. संघटनेच्या संस्थापकांपैकी एक ज्योती म्हापसेकर ‘मुलगी झाली हो’ या नाटकाच्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला माहीत होत्या. कार्यक्रमात बायकांचे बचत गट झाले, ओळखपत्रे मिळाली, खत करण्याचे प्रशिक्षण मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण या बायोगॅस तंत्राची संयंत्रे चालवायला यातल्याच काही बायका शिकल्या. त्यांना परिसर भगिनी म्हणतात. अक्षरओळख नसलेली बाई वायूचा दाब बघते, ओल्या कचऱ्यातून चमचे आणि नारळाच्या करवंट्या वेचून काढते आणि साहेबाला सांगते, ‘आज काही घालू नका, पोट बिघडलंय त्याचं.’ ज्या गोष्टीमुळे लोक अंगाला अंग लागू देत नव्हते तिच्यातलीच जाणकारी पगाराचे काम ठरली. गोवंडीतल्या सगळ्या नव्या सुरुवातींत ही सर्वांत कमी गाजलेली आणि बहुधा सर्वांत पक्की.

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर आता उड्डाणपूल आहे. त्याच्यावरून जाणाऱ्याला वस्ती दिसतच नाही, नुसते पत्रे आणि निळ्या ताडपत्र्या. खालून जाणारा नटवर पारेख कंपाउंडला पोचतो. रस्ते-रेल्वे प्रकल्पांत घर गेलेल्यांसाठी 2000 च्या दशकात उभ्या झालेल्या या इमारती सात-आठ मजली आहेत, खोली 225 चौरस फुटांची आणि दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नटवर पारेख आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या क्षयरोगाचा संबंध थेट या रचनेशी, अपुऱ्या उजेडाशी आणि कोंडलेल्या हवेशी, जोडला. झोपडी गेली, पक्के घर मिळाले आणि घराबरोबर खोकला आला. शासकीय कागदावर याला पुनर्वसन म्हणतात.

तरीही याच कंपाउंडमध्ये मुलांसाठी किताब महल नावाचे वाचनालय आहे, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये इथेच गोवंडी कला महोत्सव झाला. इमारतींच्या भिंतींवर चित्रे चढली, पोरापोरींनी रॅप लिहून म्हटले, छायाचित्रे लागली. बाहेरचे पाहुणे आले, त्यांनी आपल्या मोबाईलमध्ये गोवंडीची रंगीत बाजू टिपून नेली. रंगाने हवा खेळती होत नाही हे खरे आहे. पण आपला पत्ता सांगताना ‘चेंबूरच्या पुढे’ असे गोलमोल न बोलता ‘गोवंडी’ म्हणणारी मुले या पिढीत भेटतात, आणि मोठ्यांपैकी बरेचजण अजूनही चेंबूरच म्हणतात.

मानखुर्दच्या बाजूला अण्णाभाऊ साठे नगर लागते. अण्णाभाऊ लहानपणी कुटुंबाबरोबर सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावहून पायी मुंबईला आले आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांनी लेखन केले. त्यांच्या नावाच्या वस्तीत 1 ऑगस्टला त्यांची जयंती वाजतगाजत होते. जवळच मिलननगर ही भायखळ्याच्या फुटपाथवरून आलेल्या कुटुंबांची वसाहत आहे. तिची पूर्वतयारी फुटपाथवरच झाली होती. महिला मिलन या नावाने 1986 च्या सुमारास एकत्र आलेल्या या बायका रोज जमेल तेवढे पैसे बाजूला टाकत: कधी दोन रुपये, कधी काहीच नाही. घर कसे हवे हे ठरवताना त्यांनी मोजपट्टीऐवजी साड्या वापरल्या. साडी आडवी धरून खोलीची लांबी ठरली, उभी धरून उंची. छत चौदा फुटांवर हवे, म्हणजे मध्ये माळा पडतो आणि घर दुप्पट होते, हा हिशेब वास्तुविशारदाचा नाही, त्यांचा. कापड आणि पुठ्ठ्याचे पूर्ण मापाचे घर उभे करून त्यांनी ते सरकारी अधिकाऱ्यांना आतून फिरवून दाखवले. जागेचा पत्ता नसताना घराचा माळा ठरवणाऱ्या माणसांना आशावादी म्हणायचे की व्यवहारी, याचा निवाडा अवघड आहे. प्रस्तुत लेखक दुसऱ्या बाजूला झुकतो.

रस्ता पुन्हा दक्षिणेकडे वळतो. अणुशक्तीनगरची कुंपणे आणि बंदोबस्त मागे टाकून ट्रॉम्बेच्या टोकाला चित्ता कॅम्प आहे. इथे पाट्या मराठी, उर्दू आणि तमिळमध्ये. इडलीच्या गाडीवर चटणी मागितली की सांबारही न मागता पडते, आणि ‘अण्णा’, ‘भाई’, ‘दादा’ ही तीन संबोधने एकाच माणसाला तीन गिऱ्हाइकांकडून मिळतात.

चित्ता कॅम्पचा जन्म 1976 चा. त्याआधी ही माणसे भाभा अणुसंशोधन केंद्राजवळच्या जनता कॉलनीत राहत होती, आणि तिथेही ती आपणहून आलेली नव्हती. 1950 च्या आसपास शहरातून उठवून त्यांना तिथे बसवले होते. वस्ती वाढून 70,000 च्या घरात गेली. जागा अणुऊर्जा विभागाला हवी होती. कोलार गोल्ड फील्ड्समधून 1963 साली मुंबईत आलेला जोकिन अर्पुथम नावाचा तरुण सुतार तोवर वस्तीचा पुढारी झाला होता. सुरुवात त्याने मुलांना जमवून केली. कचरा उचलला जात नाही म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले किलोभर कचऱ्याचे पुडके दिले आणि ती वरात महापालिकेच्या कार्यालयासमोर रिकामी केली. पालिकेची माणसे आली, कचरा उचलला गेला. कॉलनी वाचवण्याची लढाई न्यायालयांतून दिल्लीपर्यंत गेली. याच लढाईतून 1974 साली राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ स्थापन झाला. आणीबाणीत, 17 मे 1976 रोजी, जनता कॉलनी पाडली गेली.

लढाई हरली, तरी लोक पांगले नाहीत, हे चित्ता कॅम्पचे वेगळेपण. खाडीकाठच्या चिखलात मिळालेल्या जागेवर जुन्या शेजाऱ्यांनी शक्य तिथे शेजार राखला. जुन्या रहिवाशांना आजही शेजारी आठवतात ते जनता कॉलनीतल्या जागेवरून: ‘ते मशिदीमागचे’, ‘हे नळाजवळचे’. मशीद आणि नळ जमीनदोस्त होऊन अनेक वर्षे लोटली, पण शेजार अजून त्याच खुणांवर उभा आहे. अर्पुथम यांना 2000 साली मॅगसेसे पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. जनता कॉलनी त्यांना वाचवता आली नाही. पण पाडापाडीच्या आधी घरांची मोजणी लोकांनी स्वतः करायची, बचत बायकांच्या हातात ठेवायची आणि वाटाघाटीला आपले आकडे घेऊन बसायचे, ही पद्धत त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आफ्रिकेतल्या शहरांपर्यंत नेली.

उठवलेल्यांची पुढची खेप आता ठरते आहे. धारावीच्या पुनर्विकासात जागेवर घर न मिळणाऱ्यांसाठी देवनार डंपिंगची सुमारे 124 एकर जमीन राखण्यात आली आहे. तिथे इमारती उभ्या करण्याआधी साचलेला सुमारे 185 लाख टन कचरा हलवायचा आहे.